पहिल्या पानावर देश

गमरेसाहेबांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट ही, की मागणी कधी पहिल्या पानावर करायची नाही. पहिल्या पानावर देश. दुसऱ्यावर कामगार, त्यांची बायकापोरं, जमलंच तर लघुउद्योगांचं महत्त्व. तिसऱ्या पानाच्या मध्यावर, जाता जाता सहज आठवल्यासारखी मागणी. आणि शेवटी पुन्हा देश.

"मागायला आलेला माणूस दारातच हात पसरतो का?" ते म्हणायचे. "आधी बसतो, पाणी पितो, घरच्यांची चौकशी करतो. कागदालाही रीत असते, सुलभा."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. गिरगावातली खोली सोडून आम्ही नुकतेच भाईंदरला राहायला आलो होतो आणि आई येणाऱ्याजाणाऱ्याला माझं टायपिंगचं सर्टिफिकेट दाखवत होती. त्यातूनच मला पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या स्टीलवाल्यांच्या संघात नोकरी लागली. ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. संघाचं ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं आणि खाली भांड्यांचा गाळा. खाली पत्रा दाबायचा प्रेस पडला की वर टेबलावरचा चहा हलायचा. गमरेसाहेब कप नेहमी डाव्या हातात धरून ठेवत आणि उजव्या हाताने लिहीत. पहिल्या आठवड्यात मी तीन पानांवर चहा सांडला आणि मग मीही तसंच करायला लागले.

संघात दोन प्रकारचे लोक होते. एक रोलिंगवाले. हे भट्टीत लाल केलेली जाड पट्टी रोलांतून काढून तिचा पातळ पत्रा करत. दुसरे भांडीवाले. हे तो पत्रा विकत घेऊन ताटं, वाट्या, डबे करत. दोघांचं एकमेकांवाचून चालत नसे, आणि म्हणूनच दोघांची रोज भांडणं होत. संघाचे अध्यक्ष जयंतीभाई हे भांडीवाले होते. सेक्रेटरी गमरेसाहेब हे दोघांचेही होते, म्हणजे खरं तर कुणाचेच नव्हते.

साहेब मूळचे कोकणातले. सडपातळ, सावळे, शर्टाचं वरचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. दर रविवारी सकाळी विहारात जायचे आणि तिथल्या कार्यक्रमांचे अहवालही तेच लिहायचे. आधी ते केंद्र सरकारच्या एका कार्यालयात स्टेनो होते. देशभरातून व्यापाऱ्यांचे अर्ज यायचे, त्यांवर टिपणं लिहायचं काम. "नोकरीभर माझी टिपणं दुसऱ्यांच्या सहीने वर गेली," हे ते कडवटपणे सांगत नसत, माहिती म्हणून सांगत. दिल्लीला बदली झाली तेव्हा गमरेकाकूंचा दमा बळावला होता, म्हणून त्यांनी नोकरी सोडली. जयंतीभाईंनी त्यांना संघात घेतलं आणि ऑफिसच्या वरची खोली राहायला दिली. खोली संघाची. सेक्रेटरी आहे तोवर सेक्रेटरीची. ही गोष्ट त्या घरात कुणी बोलत नसे, पण काकू भिंतीला खिळा मारायचा तरी साहेबांना विचारायच्या आणि साहेब जयंतीभाईंना.

त्यांची एक सवय मला फार आवडायची. निवेदन टाईप होऊन आलं, की ते खुर्ची मागे सरकवून दिल्लीचे साहेब व्हायचे. चष्मा कपाळावर, पाय लांब, चेहऱ्यावर जेवणानंतरची सुस्ती. बोट ओलं करून पान उलटायचे. मध्येच नसलेला फोन उचलून "हां जी, हां जी" करायचे. मी शेजारी पेन्सिल घेऊन बसायचे, आणि साहेबांची नजर जिथे घसरेल तिथे खूण करायचे.

"इथे मला चहा आला," ते म्हणायचे. "म्हणजे या परिच्छेदात काही महत्त्वाचं ठेवू नकोस."

मी हसून हसून बेजार व्हायचे. पण त्यांची निवेदनं चालायची हे खरं. बाहेरच्या देशांतला स्वस्त पत्रा आपल्याकडे येऊ नये, त्यावरचा कर उतरवू नये, असं एक निवेदन त्यांनी रोलिंगवाल्यांसाठी लिहिलं होतं. ती फाईल मी वाचलीये. वाचताना मला वाटलं, हा पत्रा बंदरात उतरला तर उद्या देशाचा झेंडाच उतरेल. कर तसाच राहिला. रोलिंगवाल्यांनी पेढे वाटले. भांडीवाले कुरकुरले, पण त्यांनीही पेढे खाल्ले.

मोरव्याच्या म्हाताऱ्याची गोष्ट मात्र हसण्यासारखी असूनही मला हसू येत नाही. एकदा दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो जिना चढून आला. डोक्याला पांढरा रुमाल, हातात पिशवी. भाईंदर पश्चिमेच्या मोरवा या खाडीकाठच्या कोळीगावातून इतक्या लांब चालत आला होता, कारण कुणीतरी सांगितलं होतं की इथला माणूस चांगलं लिहितो.

"खारीत त्याल हाय निसता," तो म्हणाला. "जाळा टाकला त काला होऊन येतो. मासली न्हाय. तुमचे कारखान्यांचा पानी हाय त्यो. लिवाल का सरकारला?"

मी साहेबांकडे बघितलं. आमच्याच सभासदांविरुद्धची तक्रार आमच्याच टेबलावर. साहेबांनी डबा बाजूला सरकवला आणि कागद ओढला. अर्धा तास लिहिलं. पहिल्या पानावर देशाचा समुद्रकिनारा, दुसऱ्यावर कोळी बांधवांची पिढ्यानपिढ्यांची उपजीविका. म्हाताऱ्याने पिशवीतून वाळवलेल्या बोंबलांची पुडी काढून टेबलावर ठेवली आणि गेला.

दोन महिन्यांनी सरकारकडून त्या अर्जाची प्रत संघाकडे आली. सोबत पत्र, की खुलासा करावा. जयंतीभाई हैराण. "गमरेजी, ये किसने लिखा है? बहुत पक्का लिखा है. जवाब भी वैसा ही चाहिए."

साहेबांनी खुलासा लिहिला. तीन दिवस लागले. कुठे काय कच्चं आहे हे त्यांना बरोबर माहीत होतं, कारण ते त्यांनीच कच्चं ठेवलं होतं. तक्रार निकालात निघाली. त्यानंतर म्हातारा परत आला. यावेळी पिशवीत काही नव्हतं.

"कोन हाय तो लिवनारा, साहेब? लई हुशार मानूस हाय," त्याने विचारलं. रागाने नाही, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून.

"आहे एक," साहेब म्हणाले. "पगारी आहे."

तो गेल्यावर ते बराच वेळ कपाटातल्या फायली उगाच सरळ करत बसले. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. मी तोंडावर म्हटलंही, "साहेब, तुम्ही नकार द्यायला हवा होता." ते म्हणाले, "कुणाला? त्याला की यांना?" आजही मोरव्याचं नाव ऐकलं की मला ती रिकामी पिशवी दिसते.

साहेबांचा मुलगा प्रकाश रोलिंग मिलमध्ये होता. लाल पट्टी रोलातून बाहेर आली की ती सांडशीने पकडून परत आत घालायची, हे त्याचं काम. ते करणाऱ्याचा पाय चुकून चालत नाही. हातावर भाजल्याचे डाग, पण चालण्यात ऐट. त्याने पहिल्या पाळीत काढलेल्या पत्र्याचा एक तुकडा साहेबांच्या टेबलावर पेपरवेट म्हणून असायचा. "मी कागद करतो, प्रकाश पत्रा करतो," ते भेटायला येणाऱ्याला सांगत. "त्याचं निदान वाजतं तरी." प्रकाशचं लग्न मी संघात लागले त्याच वर्षी झालं होतं. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं.

मग हवा बदलली. दिल्लीत नवं धोरण आलं. बाहेरच्या मालाला दारं उघडणार असं पेपरात रोज यायला लागलं. परदेशातल्या कारखान्यांनी नापास केलेला स्टीलचा पत्रा फार स्वस्त मिळत होता, आणि त्यावरचा कर उतरला तर भांडीवाल्यांची चांदी होती. एक दिवस संघाची सभा भरली. खुर्च्या आपटल्या गेल्या, आणि रोलिंगवाले संघातून उठून गेले ते कायमचे. संघ आता नुसत्या भांडीवाल्यांचा राहिला.

दुसऱ्या दिवशी जयंतीभाई साहेबांसमोर बसले. जयंतीभाई वाईट माणूस नव्हते हे मला इथे सांगितलंच पाहिजे. त्यांचे स्वतःचे दोन गाळे बंद पडायला आले होते आणि महागड्या पत्र्याने त्यांची झोप उडाली होती.

"गमरेजी, लेटर बनाना है. बाहर का पत्रा खोल दो, ऐसा."

"शेठ, याच्या उलटं मीच लिहिलंय," साहेब म्हणाले. "फाईलला आहे."

"तो क्या हुआ? पिछली बार देश पत्रा बनाने में था. इस बार मंगाने में है. आप लिख लोगे." जयंतीभाई उठले आणि दारात थांबले. "प्रकाश का मुझे मालूम है. पर आप संघ के आदमी हो ना?"

त्यांनी खोलीचं नाव काढलं नाही. काढायची गरजही नव्हती. वरच्या मजल्यावरून काकूंच्या खोकल्याचा आवाज येत होता.

त्या आठवड्यात मी दुपारचा डबा नेहमीप्रमाणे वर त्यांच्याकडेच खाल्ला. प्रकाश दुसऱ्या पाळीला जायचा होता, म्हणून घरी होता. त्याने भाकरी मोडता मोडता विचारलं, "बाबा, तुम्ही लिहिताय असं मिलमध्ये बोलतायत. खरंय का?"

"सांगितलंय मला."

"सांगितलंय ते माहितीये. लिहिताय का?"

काकूंनी त्याच्या ताटात भाजी वाढली, त्याने नको म्हटलं नव्हतं तरी "खा रे" म्हणाल्या. प्रकाशची बायको ओट्याकडे तोंड करून उभी होती. साहेब म्हणाले, "बघतो." प्रकाश हात धुऊन निघून गेला. जिन्यात त्याच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. त्या खोलीत आता आम्ही चारच माणसं होतो, तरी कुणालाच कुठे सरकायला जागा नव्हती, असं मला वाटलं. लिहिलं तर मुलाची मिल जाणार, नाही लिहिलं तर डोक्यावरचं छप्पर.

पुढे आठ दिवस साहेबांनी कागदाला हात लावला नाही. नवव्या दिवशी सकाळी मला बोलावलं आणि डोळे मिटून, गुडघ्यांवर पंजे ठेवून, महत्त्वाचं निवेदन असलं की सांगायचे तसं तोंडी सांगायला सुरुवात केली. पहिलं वाक्य ऐकून माझी बोटं थांबली. आयात पत्र्यावरचा कर उतरवा, आम्हाला स्वस्त पत्रा हवा आहे. बस. त्यात देश नव्हता, कामगार नव्हते. मग कोरडी चार कारणं, आणि सही. सगळं मिळून दीड पान.

"साहेब, देश राहिला," मी म्हटलं.

"राहू दे."

"वाचून बघायचं नाही?"

"नको."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. माणूस आयुष्यभर जे शिकला, ते सगळं त्याने मुद्दाम उलटं केलं होतं. दारातच हात पसरणारा कागद. दिल्लीतला कुठलाही साहेब असा कागद तोंड वाकडं करून बाजूला टाकणार याची त्यांना खात्री होती. जयंतीभाईंना म्हणता येणार नाही की लिहिलं नाही, आणि मिलही वाचेल. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी ती दीड पानं एकही चूक न करता टाईप केली.

जयंतीभाईंना इंग्रजी वाचता यायचं, पण त्यातलं चांगलं-वाईट कळायचं नाही. त्यांनी कागद हातात तोलला. "इतना छोटा?"

"दिल्लीत हल्ली थोडक्यात लागतं, शेठ," साहेब म्हणाले. मी त्यांना खोटं बोलताना ऐकलं ते एवढं एकदाच.

जयंतीभाई स्वतः कागद घेऊन दिल्लीला गेले. चार महिन्यांनी कर उतरल्याची बातमी आली, आणि मागोमाग दुसऱ्यांदा दिल्लीला जाऊन आलेले जयंतीभाई पेढ्यांचे पुडे घेऊन जिना चढत आले. त्यांना धाप लागली होती, पण बसायलाही तयार नव्हते.

"गमरेजी, कमाल कर दिया आपने. साहब ने सामने बैठ के पढ़ा. बोला, इतने दिनों में पहली बार किसी ने सीधी बात लिखी है."

साहेबांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही.

पुढचं जयंतीभाईंनी जसं सांगितलं तसं सांगते. तो पत्रा विकणाऱ्या देशाचं शिष्टमंडळ दिल्लीत येऊन गेलं होतं. त्यांना त्यांचा माल खपवायचा होता, आपल्याला त्यांच्याकडून दुसरंच काहीतरी हवं होतं. बंदर की तांदूळ की आणखी काय, ते जयंतीभाईंना नीट सांगता येईना. देवाणघेवाण वरच्या वर ठरली होती. "फैसला तो हो चुका था. उनको बस एक कागज़ चाहिए था, कि अपने लोग ही मांग रहे हैं. बाकी सब संघों के लेटर घुमा घुमा के लिखे थे. अपना ही साफ था. वही फाइल में सबसे ऊपर लगाया."

"आणि रोलिंगवाल्यांचं?" साहेबांनी विचारलं.

"वो भी था. बारह पेज का. आपकी पुरानी फाइल से ही उतारा होगा. पहले पेज पे देश, देश, देश. साहब बोला, बहुत अच्छा लिखा है. और बाजू में रख दिया."

जयंतीभाई गेले. मी साहेबांकडे बघत नव्हते, कारण बघायची हिंमत नव्हती. खालचा प्रेस पडत होता आणि त्यांच्या टेबलावरचा पत्र्याचा तुकडा दर ठोक्याला थोडा थोडा सरकत होता. त्यांनी तो उचलून खणात ठेवला.

"कुणाला बोलू नकोस," ते म्हणाले. "शेठला कळलं तर मी बेइमान. प्रकाशला कळलं तर मूर्ख."

"पण साहेब, ते आधीच ठरलं होतं. तुमच्यामुळे नाही झालं."

"हो. पण कागद माझा आहे."

संघाने त्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि बाहेरच्या पत्र्याचा पहिला डिनर सेट. भाषणात जयंतीभाईंनी त्यांना भाईंदरचा चाणक्य म्हटलं. साहेब शाल सांभाळत हात जोडून उभे होते, आणि मला वाटत होतं की याहून मोठी शिक्षा कुठलंही सरकार देऊ शकलं नसतं. तो सेट काकूंनी पलंगाखाली सरकवला. माझ्या माहितीत त्याची दोरी कधी सुटली नाही. प्रकाश त्याच घरात राहत होता, त्याच ओट्यावरचं जेवत होता आणि वडिलांशी बोलत नव्हता. जायला दोघांनाही दुसरी जागा नव्हती. काकू एकाचा निरोप दुसऱ्याला सांगायच्या, दोघे चार हातांवर बसलेले असताना.

मिल आधी एका पाळीवर आली, मग आठवड्यातून तीन दिवसांवर. मला तोपर्यंत मिरा रोडला बेव्हर्ली पार्कजवळच्या एका शाळेत नोकरी मिळाली होती. शेवटच्या आठवड्यात साहेबांनी विचारलं, "रविवारी दुपारी येशील का? वर. माझ्या हाताला हल्ली कंप आहे." संघाचं टायपिंगचं मशीन आदल्या दिवशी त्यांनी स्वतः वर नेऊन ठेवलं होतं. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

मी गेले तर खोलीत मिलचे सात-आठ कामगार उभे होते. बसायला जागाच नव्हती. काकू पलंगावर भिंतीला टेकून होत्या. सगळ्यांच्या पुढे प्रकाश. कामगारांनाच आता दिल्लीला निवेदन द्यायचं होतं, की कर पुन्हा लावा, मिल वाचवा. लिहून देणारा माणूस म्हणून त्या सगळ्या वसाहतीत त्यांना एकच नाव माहीत होतं.

प्रकाश वडिलांकडे सरळ बघून बोलला. किती महिन्यांनी ते मी मोजलं नाही. "बाबा, तुम्ही शेठसाठी लिहिलं होतं ना, दीड पान. शेठ सगळीकडे सांगत फिरतात, त्या कागदाने काम केलं म्हणून." त्याने मागे उभ्या कामगारांकडे एकदा बघितलं. "आमच्यासाठी पण तसंच लिहा. जीव लावून लिहिलं होतंत ना ते, तसंच."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्या दहा-बारा माणसांत खरं काय ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं, आणि ते सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर प्रकाशला बाप परत मिळाला असता, पण त्याच क्षणी त्याचा त्या कागदावरचा, म्हणजे उरल्यासुरल्या आशेवरचा विश्वास गेला असता. मी तोंड उघडलं होतं. साहेबांनी अगदी बारीक मान हलवली, नको म्हणून.

"सुलभा," ते म्हणाले, "हल्ली ते कुठलं पान वाचतात गं?"

ज्या माणसाने मला पानं शिकवली तो मला विचारत होता. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "पहिलं, साहेब."

"पहिलं," ते म्हणाले.

पुढे त्यांनी काहीतरी सांगितलं, मी ते टाईप केलं, सगळ्यांनी सह्या केल्या आणि कागद दिल्लीला गेलाही. उत्तर यायच्या आधी मिलची भट्टी विझली. पण मला गमरेसाहेब आठवतात ते त्याच्या आधीचे. वरचं बटण लावलेलं, डोळे मिटलेले, पंजे गुडघ्यांवर. माझी बोटं कळांवर तयार. समोर प्रकाश, त्यांच्या ओठांकडे बघत उभा. आणि त्यांना पहिलं वाक्य सुचत नव्हतं.